उतरलेल्या सेलांवरचं गाणं

आमच्या घरी गाणं सेलवर चालायचं आणि सेल उन्हावर. हे वाक्य वाचून माझी नात सना म्हणाली, "दादी, असं लिहिलंस तर कुणाला काही कळणार नाही." कळेल गं बाई, जरा दम धर. जन्मभर शाळेत शिकवलंय मी. पहिल्या वाक्याला कुणालाच काही कळत नसतं, म्हणून तर पोरं दुसऱ्या वाक्यापर्यंत गप्प बसतात. तर सांगते. जालन्याच्या मस्तगडात रस्त्याला लागून एक लांबट खोली होती, तिच्या दारावर बँडची पाटी, आणि त्या खोलीच्या मागं आमचं घर. मधे एकच भिंत. माझे अब्बा बँडमास्तर. वरातीत सगळ्यात पुढं, लाल कोट घालून, ट्रम्पेट आभाळाकडं करून चालायचे ते. भिंतीपलीकडं सराव सुरू झाला की अलीकडं फळीवरचे आमचे चिनीमातीचे प्याले किणकिणायचे, आणि अम्मी फोडणी टाकता टाकता ओरडायची, "अजी, जरा धीरे! मेरे प्याले गिरते!" घरात आम्ही उर्दू बोलायचो, म्हणजे आपली जालन्याची उर्दू, पुस्तकातली नव्हे. बँडमधली बाकी माणसं मराठी. अब्बा दोन्ही भाषांत सारखेच चिडायचे आणि दोन्ही भाषांत लगेच विसरायचे.

लग्नसराई उलटून आषाढ लागला की बँड गप्प व्हायचा. मग वाद्यं पुसायची, तेल द्यायचं, जुन्या धोतरांत गुंडाळून एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची, वर कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि कडीला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधायचा मान आमच्या ढोलवाल्या किसनकाकांचा. एकदा तो बांधला की खंडेनवमीपर्यंत पेटीला हात लावायचा नाही, हा नेम अब्बांच्या अब्बांपासून चालत आलेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पेटी खोलीबाहेर रस्त्यावर आणायची, किसनकाकांनी झेंडू वाहून दोरा सोडायचा आणि पहिला सूर मास्तरांनी काढायचा. तो ऐकायला गावोगावचे लोक येऊन उभे राहायचे, कारण पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्या त्याच दिवशी ठरायच्या. गिऱ्हाईक मास्तरांच्या तळहातावर सुपारी ठेवायचं, मास्तरांनी मूठ मिटली की वरात पक्की. पहिला सूर खणखणीत लागला तर वर्ष खणखणीत. नाही लागला तर काय होतं, ते आमच्या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्यातल्या एक परदेशी नर्सबाई कायमच्या आपल्या देशाला निघून गेल्या. नाताळात त्यांच्या मिरवणुकीत अब्बा वाजवायचे. त्याची आठवण ठेवून जाताना बाईंनी एक लहानसा रेकॉर्ड प्लेअर आणि खोकाभर रेकॉर्डी टांग्यात घालून आमच्याकडं पाठवून दिल्या. आमच्या आनंदाचं काय विचारता! पण तो प्लेअर भिंतीतल्या विजेवर चालत नव्हता, त्याला टॉर्चचे मोठे सेल लागायचे. आणि नवे सेल आमच्या घरात टॉर्चचे. अब्बा वराती करून कुठल्या कुठल्या खेड्यांतून परत यायचे, उजेड नको का? टॉर्चचा उजेड पिवळा पडला की मग ते सेल उतरून प्लेअरच्या वाट्याला. उतरलेल्या सेलांना पत्र्यावर ऊन दाखवलं की थोडा जीव यायचा, सगळा मोहल्ला तेच करायचा. पापड, मिरच्या आणि सेल एका रांगेत वाळत. पण त्या साली पाऊस असा काही ठाण मांडून बसला की ऊन म्हणून दिसेना. जालन्याला एरवी आभाळाकडं बघून मान मोडते, आणि तेव्हा आमच्या अंगणात शेवाळ धरलेलं. अम्मी सेल चुलीपाशी शेकत ठेवायची. तेवढ्यावर प्लेअर फिरायचा खरा, पण आवाज इतका दबका की आम्ही सगळे त्याच्यावर वाकून बसायचो.

खोक्यात तीन जातीची गाणी आहेत, असं अब्बांनी जाहीर केलं. एक 'झगडेवालं': त्यात ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ढोल एकमेकांच्या अंगावर धावून जायचे आणि शेवटी बराबर एका जागी भेटायचे. एक 'तक्रारवालं': कुणी म्हातारा गिटार मांडीवर घेऊन आपलं गाऱ्हाणं सांगत बसलेला. आणि तिसरं 'भाईजानचं'. त्या रेकॉर्डीच्या कव्हरवर टपोऱ्या डोळ्यांच्या एका काळ्याभोर बाईचा फोटो होता, पण आत गायचा बाप्या, जाड, संथ, घोगऱ्या आवाजाचा. "कव्हर बदल्या होएंगा," अब्बा म्हणाले. अम्मीचं म्हणणं, ती त्या भाईजानची बायको असणार, गातो तो आणि फोटो तिचा, बायकोला एवढा मान देणारा नवरा बघून ठेवा जरा. हल्ली सना फोनवर पावसाळी दिवसांसाठी म्हणून गाण्यांची यादी करते, जॅझ, ब्लूज, सोल, अशी नावं घालून. नावं चांगली आहेत. पण मला विचाराल तर अब्बांची जास्त बरोबर होती.

श्रावणातली दुपार होती. पावसाची झड लागलेली, आणि झडीच्या दिवशी आमच्याकडं खिचडी-खट्टा ठरलेला. मसुराची पिवळी खिचडी, वर चिंचेचा, तिळाचा, कच्च्या कांद्याचा आंबट खट्टा ओतायचा, बाजूला तळलेला पापड. अब्बांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून खट्टा ओघळला आणि पांढऱ्या कुडत्यावर डाग पडला. अम्मी करवादली, "अजी, बच्चे हैं क्या तुम? तमीज से खाओ जरा!" अब्बांनी पुसलं, दुसरा घास घेतला, तोही ओघळला. ते हसले. म्हणजे अर्धेच हसले. उजवा गाल वर गेला आणि डावा तसाच, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. अम्मीच्या हातातला डाव खिचडीत पडला. "हसो मत," ती म्हणाली, "या अल्ला, हसो मत जी." मला आजही खट्ट्याचा वास आला की आधी ते अर्धं हसू आठवतं, मग भूक लागते.

लकवा होता, चेहऱ्याचा. डावा डोळा मिटेना, ओठ आवळेना, शीळ घालायला गेले की नुसतीच हवा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, गोळ्या घ्या, गाल फुगवत जा, बहुतेकांचं तोंड परत जाग्यावर येतं. त्या 'बहुतेक'वर अम्मी घरापर्यंत सगळा रस्ता भांडत आली. "बहुतेक म्हणजे काय? आपण त्या बहुतेकांत हाओत का न्हाई, ते सांगावं ना त्यानं!" ट्रम्पेटवाल्याचा सगळा संसार त्याच्या ओठांवर असतो हो. पाय मोडला तर टांग्यात बसून वाजवता येईल, पण तोंड गेलं तर मास्तरकी गेली. त्यातून लग्नासारख्या शुभकार्यात वाकड्या तोंडाचा मास्तर पुढं कोण चालवील? म्हणून अम्मीनं अब्बांच्या तोंडाला मफलर गुंडाळला आणि गल्लीत सांगून टाकलं, दाढ सुजलीय. खरं काय ते फक्त किसनकाकांना ठाऊक. मला तर झोप लागायची नाही. अब्बा झोपले की त्यांचा डावा डोळा अर्धा उघडाच राहायचा आणि मला वाटायचं, ते जागेच आहेत, आणि खंडेनवमीचाच विचार करताहेत.

अम्मीनं सगळे उपाय केले. लकव्याला जंगली कबुतराचा रस्सा चांगला, असं कुणीतरी सांगितलं, मग काळी मिरी घालून कबुतराचा रस्सा. मोहरीच्या तेलाची मालीश. आणि रोज सकाळी मोरीपाशी परीक्षा. अब्बांनी तोंडात पाणी घ्यायचं, ओठ मिटायचे, आणि अम्मीनं खाली वाकून डाव्या कोपऱ्याकडं बघायचं. "रुक्या?" मी मागून विचारायची. पाणी थांबायचं नाही. बारीक धार लागायची, अब्बा ती धार बाहीला पुसून म्हणायचे, "कल रुकेंगा." अम्मी पेला उलटा ठेवायची. अम्मी गप्प बसली की घर किती मोठं वाटायचं, ते तेव्हा मला कळलं.

पेटी तर बंद. दोरा सोडून सराव करा, असं किसनकाका एकदा चाचरत म्हणाले, तर अब्बा त्यांच्यावर केवढ्यांदा ओरडले, तेही अर्ध्या तोंडानं. पण ट्रम्पेटचा माउथपीस, म्हणजे तोंडाला लावायचा तो पितळी तुकडा, कधीच पेटीत जात नसे. तो बारा महिने अब्बांच्या खिशात, तंबाखूच्या डबीशेजारी. एका दुपारी भाईजानची रेकॉर्ड लावून अब्बा खिडकीत बसले होते. बाहेर पन्हाळी वाजत होत्या. भाईजान नेहमीप्रमाणे एकेका सुराला पाटावर बसवून जेवू घालत पुढं चालला होता. किसनकाका जांभई देत म्हणाले, "मास्तर, ह्या गाण्यावर तर बैलबी झोपंल. कोण इतकं सावकाश गाऊन राह्यलं?"

"जल्दी काय पडली त्यांना?" अब्बा म्हणाले. "तिकडं लोक निवांत असतील." आणि बोलता बोलता त्यांनी खिशातून माउथपीस काढला, डावा कोपरा बोटानं दाबून धरला आणि भाईजानच्या मागोमाग फुंकायला लागले. नुसत्या माउथपीसचा आवाज कसा येतो, सांगू? बदकाला सर्दी झाल्यासारखा. मी फस्सकन हसले. अम्मी आतून हसली. किसनकाका तर डोळे पुसायला लागले. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं! पण अब्बा थांबले नाहीत. झगडेवाल्या गाण्याच्या मागं धावणं त्यांच्या ओठांना शक्यच नव्हतं. वरचे सूर काढायला ओठ ताणावे लागतात, तिथं हवा निसटायची. भाईजानचे सूर मात्र खालचे, लांब, सैल. एका सुरावरून दुसऱ्यावर तो उडी मारत नसे, घसरत जायचा. एक सूर सुटला तरी दुसरा धरायला वेळ मिळायचा. अब्बांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "नूरी, फिरसे लगा."

मग तो आमचा पावसाळाच झाला. जेवणं झाली की प्लेअर, चुलीपाशी शेकलेले कोमट सेल, अम्मीची कांदाभजी, किसनकाका पत्र्याच्या डब्यावर बोटांनी ठेका धरणारे आणि अब्बा बदकाच्या आवाजात भाईजानच्या मागं. शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, "काय वो भाभी, बदकं पाळले का?" अम्मी म्हणाली, "हौ, एकच हाय. पण खातो लई." आम्हाला गाण्याचा एक शब्द कळत नव्हता. अब्बांच्या मते भाईजानची पोरगी सासरी चाललीय आणि तो दारात उभा राहून तिला अडवतोय. "इतने भारी आवाज में आदमी दूसरा क्या बोलेंगा?" ते म्हणायचे. आम्हाला पटायचं.

आणि एका सकाळी पाणी थांबलं. अम्मी खाली वाकलेली, मी मागं. धार लागेना. अम्मीनं बोटानं कोपरा चाचपला, कोरडा. "रुक्या?" मी विचारलं. अब्बांनी मान हलवली, पण पाणी थुंकले नाहीत! गाल फुगवून तसेच निघाले, घरभर फिरले, बँडच्या खोलीत गेले, रस्त्यावर आले, तिथून येणाऱ्या किसनकाकांसमोर उभे राहून बोटानं आपल्या फुगलेल्या गालांकडं दाखवत राहिले. "काय झालं मास्तर, बोला की!" काका घाबरून म्हणाले. बोलणार कसे? मीच ओरडले, "काका, पानी रुक्या! पाणी थांबलं!" काकांनी अब्बांना मिठी मारली आणि सगळं पाणी काकांच्या सदऱ्यावर.

पण पाणी थांबणं वेगळं आणि ट्रम्पेट वेगळं. खंडेनवमीला पेटी रस्त्यावर आली तेव्हा अब्बांचा चेहरा सरळ दिसत होता, नीट पाहिलं तर डावा कोपरा किंचित सुस्त. लाल कोट चढवलेला, मफलर नाही. लोक उभे होते, त्यांत घनसावंगीचे आबा पुढं. हे मोठे ऊसवाले, त्यांच्या घरची प्रत्येक वरात आमच्याकडं. त्या साली त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. किसनकाकांनी झेंडू वाहिला, दोरा सोडला. मी दाराआड अम्मीचा हात धरून. पहिला सूर नेहमी सलामीचा, अगदी वरचा. अब्बांनी ट्रम्पेट आभाळाकडं केली, छाती भरली, आणि फस्स. नुसती हवा गेली. लोकांत कुजबुज झाली. अब्बांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा फस्स. अम्मीची नखं माझ्या हातात रुतली. आबांच्या मुठीत सुपारी होती, ती मूठ खिशाकडं वळताना मी पाहिली.

तेवढ्यात ढोल वाजला. किसनकाकांनी अब्बांकडं पाहिलंही नाही. जसं काही असंच ठरलंय अशा थाटात त्यांनी तो सावकाश ठेका धरला, सगळा पावसाळा डब्यावर धरलेला. अब्बांनी ट्रम्पेट आभाळाकडून खाली आणली, जमिनीकडं केली, डोळे मिटले, दोन्ही डोळे, आणि भाईजानचं गाणं सुरू केलं. खालून, सैल, घसरत. बदकाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. मोसंबीची गाडी ढकलणारा माणूस थांबला. समोरच्या दुकानातले लोक पायरीवर आले. गाणं संपलं. मग आबा पुढं झाले. "मास्तर, हे काय वाजवून राह्यले? असं तर कधी ऐकलं न्हाई."

"दवाखान्यातल्या नर्सबाईचं हाय, आबा," अब्बा म्हणाले. "पोरगी सासरी चाललीय, बाप दारात उभा हाय."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "मंग माझ्या पोरीच्या पाठवणीला हेच वाजवायचं. बिलकुल हेच." त्यांनी सुपारी ठेवली आणि अब्बांनी मूठ मिटली. आत अम्मी पोटभर रडली. सुटले, सुटले, एवढंच म्हणत होती. बाहेर पूर्ण बँडनं ते गाणं पुन्हा उचललं, ढोल घुमला, फळीवरचे प्याले किणकिणायला लागले. मी ते धरायला धावले तर अम्मी नाक ओढत म्हणाली, "रहने दे. आज गिरे तो गिरे."

वरचे सूरही थंडी पडता पडता परत आले. प्लेअरला मात्र दसऱ्यानंतर लग्नांच्या धांदलीत कुणी हात लावला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात रेकॉर्डी पत्र्याखाली राहून पापडासारख्या वाकड्या झाल्या. गाणं मागं उरलं. पाठवणी असो की रुखसती, घनसावंगीपासून इकडं बदनापूरपर्यंत अब्बांनी तेच वाजवलं आणि बायका त्यावर ओक्साबोक्शी रडल्या. दुसऱ्या बँडांनी ऐकून ऐकून उचललं. माझ्या रुखसतीलाही अब्बांनी स्वतः वाजवलं, आणि मी अशी रडले की माझ्या सासरच्यांना वाटलं, ही काही नांदायची नाही.

आता या पावसाळ्यातली गोष्ट. झड लागलेली, मी खिचडी-खट्टा केलेला, सनानं तिची ती यादी लावलेली. एक गाणं सुरू झालं, टाळ्या, ढोल, धावपळ, आणि एक बाई खणखणीत आवाजात उड्या मारत गायला लागली. सना ओट्यापाशी नाचायला लागली. मी पापड तळत होते. आणि मधेच एका जागी ती बाई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरली, तशीच, त्याच जागी. माझा झारा हातातच राहिला. "थांब! फोटो दाखव कुणाचा आहे." फोनवर टपोऱ्या डोळ्यांची तीच बाई. कव्हर बदललेलं नव्हतं. भाईजान नव्हताच कधी. उतरलेल्या सेलांवर प्लेअर इतका हळू फिरायचा की बाईचा बाप्या झाला होता.

"काय म्हणते गं ती?" मी विचारलं.

"अगं, साधंच आहे. आज नवे बूट घातलेत, आता मला कुणी थांबवू नका, नाचू द्या. नाचायचं गाणं आहे दादी, यावर कुणी रडत नाही!"

मी हसायला लागले ते खुर्चीत बसले तरी थांबेना. अख्ख्या जिल्ह्याच्या पोरींना आम्ही नव्या बुटांच्या गाण्यावर रडवत सासरी धाडलं होतं! पापड जळला, सना घाबरली, आणि कधीतरी त्या हसण्यात रडूही मिसळलं. "म्हणजे तुझ्या अब्बांनी जन्मभर चुकीचंच वाजवलं की," सना म्हणाली. चुकीचं? अगं, त्या श्रावणात एक दिवस जरी कडक ऊन पडलं असतं तर सेल वाळले असते, ही बाई आपल्या खऱ्या चालीनं धावत सुटली असती आणि माझे अब्बा अर्ध्या तोंडानं खिडकीतच बसून राहिले असते. आमच्या जालन्यात पाऊस पडला म्हणून हात जोडणारे पुष्कळ सापडतील. ऊन पडलं नाही म्हणून हात जोडणारी मी एकटीच असेन.